गिरगावातला जुना दवाखाना तपासणीसाठी उभा करताना: कामाच्या नोंदी

ठाकूरद्वारजवळच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना आहे. आधीच्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या सरांनी, तो उभं आयुष्य चालवला, एप्रिलपासून तो माझ्याकडे आला. सोबत एक असिस्टंट मुलगी आणि सरांच्या काळापासून असलेल्या मावशी. दवाखाना हातात आला म्हणून परवानग्या आपोआप आपल्या नावावर येत नाहीत, आणि कागद नवे केले म्हणून आतलं काम सुधारत नाही. दोन्ही कामं एकदम हाती घेतली. असाच चालता दवाखाना घेणाऱ्या दंतवैद्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. खर्चाचे आकडे अंदाजे आहेत, प्रत्येकाचा वेगळा येईल.

२ जून २०२५

आधी कोण काय तपासू शकतं ते लिहून काढलं. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्यांसाठी आहे, आमच्याकडे खाट नाही. त्यामुळे "दवाखान्याचं लायसन्स" असा एकच कागद आमच्या बाबतीत नसतो. वेगवेगळ्या दारांवर वेगवेगळे कागद लागतात: महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची माझी नोंदणी, एक्स-रे मशीनसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची म्हणजे एईआरबीची परवानगी, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र आणि कचरा नेणाऱ्या सामायिक सुविधेचं सभासदत्व, शिवाय गुमास्ता, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याची नोंद. आमच्यासारखी मोजकीच माणसं कामाला असतील तर २०१७ च्या कायद्याखाली गुमास्त्याला फक्त सूचना द्यावी लागते, तिची ऑनलाइन पावती मिळते.

पाटीचाही प्रश्न निघाला. २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांनाही मराठी देवनागरी पाटी लागते, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. आमच्या पाटीवर इंग्रजी नाव हातभर आणि मराठी खाली बारीक. गिरगावात हे व्हायलाच नको होतं. नवी पाटी सांगितली, साडेचार हजार.

फाइलमधला दंत परिषदेचा कागद सोडला तर बाकी सगळं सरांच्या नावावर.

५ जून

कचऱ्यापासून सुरुवात केली, कारण तो रोज निघतो आणि तपासायला येणारा माणूस आधी तेच बघतो. नियम २०१६ चे आहेत, २०१८ मध्ये सुधारले. खाटा नसलेल्या दवाखान्याला अधिकारपत्र एकदाच घ्यावं लागतं, आणि पूर्ण अर्ज दिल्यावर नव्वद दिवसांत हरकत आली नाही तर ते मिळालं असं धरतात. माझ्या नावाचा अर्ज भरला. तो एका बैठकीत झाला.

वेळ गेला तो पिशव्यांमध्ये. दिवसभर मी मावशींच्या मागे फिरले आणि काय कुठे पडतं ते लिहिलं. हातमोजे पिवळ्या पिशवीत, सक्शनच्या नळ्या पिवळ्या पिशवीत, बिस्किटाचा कागदही पिवळ्या पिशवीत. मावशींचा त्यात काही दोष नाही, त्यांना "दवाखान्याचा कचरा म्हणजे पिवळी" एवढंच सांगितलं होतं. आता भिंतीवर चित्रांसह लावलंय: रक्ताचा कापूस, गॉज, मास्क, काढलेला दात आणि मुदत संपलेली औषधं पिवळ्यात. हातमोजे, सक्शन टिप, नळ्या आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुया, ब्लेड, तारांचे तुकडे पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात. चहाचा कप आणि कागद महापालिकेच्या साध्या डब्यात.

चांदी भरलेल्या दातासाठी वेगळी बरणी ठेवली. पिवळी पिशवी भट्टीत जाते आणि चांदीच्या मिश्रणात पारा असतो, तो जाळायचा नाही. बरणी घट्ट झाकणाची, आत पाणी, वर लेबल.

पांढरा डबा मोरीच्या कोपऱ्यात होता. म्हणजे सुई हातात धरून खोली ओलांडायची. दोन्ही खुर्च्यांच्या मागे हाताच्या अंतरावर एकेक छोटा डबा भिंतीला ठोकला. मावशींच्या बोटाला पूर्वी दोनदा सुई लागली होती, दोन्ही वेळा याच वाटेवर. त्याची नोंद कुठेच नव्हती, त्यांनी आज सांगितलं म्हणून कळलं.

७ जून

हिपॅटायटिस बी. कचरा हाताळणाऱ्या माणसांना ही लस आणि धनुर्वाताची लस देणं नियमातच आहे. मावशींना एकही डोस झालेला नव्हता. आज पहिला दिला, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. असिस्टंटचं कार्ड आहे, पण अँटिबॉडी कधी मोजली नव्हती. तिचं रक्त पाठवलं, दहाच्या वर हवं, आलं. सुई लागली तर आधी साबण-पाण्याने धुवायचं, मग लगेच मला सांगायचं, आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. हे मोरीच्या वर मराठीत लावलं. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागाचा नंबरही तिथेच.

११ जून

एक्स-रे. सरांचं भिंतीवरचं मशीन अजून चांगलं चित्र देतं. पण त्याला एईआरबीची टाइप मान्यता, म्हणजे त्या मॉडेलची मान्यता, असल्याचा एकही कागद नाही आणि बनवणारी कंपनी आता नाही. मान्यता नसलेल्या मॉडेलला परवानगी मिळत नाही. आठवडाभर मी डीलरना फोन करत राहिले की जुन्या मॉडेलचा कागद कुठून मिळतो का. तो वेळ फुकट गेला. तुमच्याकडे असं मशीन असेल तर पहिल्याच दिवशी मॉडेलचं नाव मान्य यादीत बघा. नसेल तर पुढचं शोधू नका.

दुसरी गोष्ट, असं मशीन भंगारवाल्याला देता येत नाही आणि दुसऱ्या डॉक्टरला विकताही येत नाही. एईआरबीला कळवून, त्यांच्या पद्धतीनेच ते बाद करायचं. मंडळाचं कार्यालय अणुशक्तीनगरला आहे, आपल्याच शहरात, पण तिथे जाऊन काही होत नाही. सगळं ई-लोरा या पोर्टलवरून. माझा पहिला अर्ज परत आला, कारण दवाखाना घेतल्याच्या करारात दवाखान्याचं नाव एक आणि गुमास्त्याच्या पावतीत दुसरं. पावती दुरुस्त करून पुन्हा भरला. कोणताही अर्ज करण्याआधी दवाखान्याच्या नावाचं एकच स्पेलिंग ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

नवं मशीन सांगितलं. तोवर एक्स-रे बंद, रुग्णांना जवळच्या सेंटरला पाठवतेय. रूट कॅनालच्या वेळा त्यामुळे लांबल्या आणि काही जण दुसरीकडे गेले. हा खर्च पावतीत दिसत नाही, पण तो धरूनच चला.

१६ जून

नवा ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, आला, बी क्लास, दीड लाखाच्या आसपास. जुना उभा आहे, वाफ वरून भरून हवा खाली ढकलणारा. दात कोरायच्या एअरोटरच्या हँडपीससारख्या (हातात धरायचा भाग) आतून पोकळ वस्तूंमध्ये अडकलेली हवा तो काढू शकत नाही. बी क्लासमध्ये पंप आधी हवा ओढून घेतो, मग वाफ शिरते. आमचे हँडपीस आजवर स्पिरिटने पुसले जात होते.

लावला, सुरू केला, आणि एसीसकट सगळा दवाखाना बंद पडला. इमारतीची वायरिंग जुनी, मंजूर लोड कमी. बेस्टकडे लोड वाढवायचा अर्ज, इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपिअरची वेगळी लाइन, नवा एमसीबी. वीस हजार आणि तीन आठवडे. मशीन घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. मधल्या काळात जुना ऑटोक्लेव्ह चालू ठेवावा लागला.

२४ जून

नव्या मशीनसाठी बीजाणूंच्या चाचणीच्या कुप्या आणि छोटा इनक्युबेटर आणून ठेवला होता. नवं मशीन बंदच आहे म्हणून जुन्यावर चाचणी घेतली. पद्धत सोपी आहे. उष्णतेला सहज न मरणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असलेली कुपी सामानात ठेवून नेहमीची सायकल, म्हणजे यंत्राची एक पूर्ण फेरी, चालवायची, मग ती कुपी आणि एक न शिजवलेली कुपी ५५ ते ६० अंशांवर ठेवायची. शिजवलेली जांभळी राहिली तर बीजाणू मेले. पिवळी झाली तर जिवंत आहेत.

तीन कुप्या ठेवल्या होत्या: वर, तळाशी आणि गॉजच्या ड्रमच्या आत. वरची आणि तळाची जांभळी. ड्रममधली आज सकाळी पिवळी.

ड्रम उघडून पाहिला. गॉज दाबून दाबून भरलेला, त्यातच दात काढायचे चिमटे, आणि ड्रमच्या बाजूच्या सरकत्या खिडक्या अर्ध्या बंद. वाफ आत शिरलीच नव्हती. बाहेरचा काटा १२१ अंश आणि १५ पौंड बरोबर दाखवत होता. काटा भांड्याचं तापमान सांगतो, गॉजच्या पोटातलं नाही. बाहेर लावलेली रंग बदलणारी पट्टीसुद्धा काळी झाली होती.

सकाळच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या. कपाटातलं सगळं सामान बाहेर काढलं. ड्रम अर्धाच भरला, खिडक्या पूर्ण उघड्या, चिमटे वेगळ्या पाऊचमध्ये (कागद-प्लास्टिकची बंद पिशवी), आणि पुन्हा तीन कुप्या.

२६ जून

तिन्ही जांभळ्या, न शिजवलेली पिवळी. म्हणजे दोष भरण्याच्या पद्धतीत होता, मशीन ठीक आहे.

पण कालपासून डोक्यात एकच प्रश्न आहे. त्या ड्रममधला गॉज आणि चिमटे कोणाकोणासाठी वापरले? सांगता येत नाही. पाऊचवर तारीख नाही, सायकलला नंबर नाही, केसपेपरवर काही नाही. ऑटोक्लेव्हचं रजिस्टर आहे, त्यात रोज "ओके" आणि सही. त्या "ओके"वरून एकाही रुग्णापर्यंत पोचता येत नाही.

सरांशी बोलले. ते म्हणाले, "अगं, इतकी वर्षं हाच ड्रम आहे, कुणाला काही झालेलं नाही." मी म्हटलं, "सर, झालं असतं तरी ते आपल्यापर्यंत कसं आलं असतं?" हिपॅटायटिसची लक्षणं दिसायला महिने लागतात, दात काढल्याची आठवण तेव्हा कोणाला असते? ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

ठरवलं ते असं. धोका फार कमी आहे, कारण चिमटे आधी घासून धुतलेले असतात आणि उष्णता काही प्रमाणात पोचलेली होतीच. तरी शून्य म्हणता येत नाही. मागच्या आठवड्यात ज्यांचे दात काढले किंवा हिरडी कापली त्यांना फोन करून जे आहे ते सांगायचं, आणि रक्ताची तपासणी आता व सहा महिन्यांनी आमच्या खर्चाने करून द्यायची. संध्याकाळी सर स्वतः दवाखान्यात आले आणि त्यांच्या जुन्या रुग्णांना त्यांनीच फोन लावले. म्हणाले, "माझा आवाज ओळखतात ते, माझ्याकडून ऐकलेलं बरं." बहुतेकांनी नीट ऐकून घेतलं. एक आजोबा म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही सांगितलंत ना, मग झालं." एक बाई चिडल्या आणि केसपेपर घेऊन गेल्या. तो त्यांचा हक्क होता, लगेच प्रत काढून दिली.

३० जून

कचऱ्याचा वार्षिक अहवाल, नमुना चार, आज शेवटचा दिवस. तो मागच्या जानेवारी ते डिसेंबरचा असतो, म्हणजे सरांच्या काळातला. गाडीवाल्याच्या पावत्या अर्ध्याच सापडल्या. कचरा नेणाऱ्या सुविधेकडे पिशवीवरच्या प्रत्येक बारकोडची नोंद असते. त्यांच्याकडून महिनावार वजनं मागवली, ती दोन दिवसांत आली. या नोंदी पाच वर्षं जपायच्या असतात. आजपासून पावती आली की त्याच दिवशी रजिस्टरमध्ये चिकटवायची.

८ जुलै

वीज आली, नवा ऑटोक्लेव्ह सुरू. पहिल्या दिवसांतलं सगळं सामान "निकाल येईपर्यंत हात लावू नये" लिहिलेल्या खोक्यात. पाऊच आडवे एकावर एक ठेवले की ओले निघतात, आणि ओला कागद जंतू आत घेतो. उभ्या फटींचं रॅक घेतलं, पाऊच पुस्तकांसारखे उभे. आता कोरडे निघतात. एका सायकलला वाळवण्यासकट पाऊण तासाच्या वर लागतं, त्यामुळे हँडपीस कमी पडायला लागले. आणखी चार घेतले. हा मोठा खर्च आहे आणि कोणी आधी सांगत नाही.

आणि नंबर. प्रत्येक पाऊचवर तारीख आणि सायकलचा नंबर, उदाहरणार्थ ०८०७-२ म्हणजे आठ जुलैची दुसरी सायकल. शाई पाऊचच्या प्लास्टिकच्या बाजूला, कागदावर पेन टोचायचा नाही. रुग्ण खुर्चीत बसला की पाऊच त्याच्यासमोर फाडायचा आणि नंबर केसपेपरवर लिहायचा. पहिले काही दिवस हे दिवसअखेर एकदम लिहिलं जात होतं, म्हणजे आठवून. ते थांबवलं. आता पाऊचचा नंबर असलेला तुकडा फाडून केसपेपरला स्टेपल करतो. लिहायचं काही उरत नाही, त्यामुळे विसरायचंही नाही.

१५ जुलै

यंदा पाऊस मेच्या अखेरीसच आला, मागची भिंत तेव्हापासून ओली आहे. भिंतीला लागून असलेल्या कपाटातले काही पाऊच ओलसर लागले, कागदावर डाग. सगळे उघडून पुन्हा शिजवले. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवला. पाऊचवर छापलेली मुदत कोरड्या जागेसाठी असते. गिरगावच्या तळमजल्यावर पावसाळ्यात ती धरता येत नाही, रोज हात लावून बघावं लागतं.

२२ जुलै

आठवड्याच्या चाचणीत न शिजवलेली कुपी जांभळीच राहिली. ती पिवळी व्हायलाच हवी, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. कुप्यांची मुदत ठीक होती. इनक्युबेटर हाताला गार लागला. मावशी रात्री जाताना मेन स्विच बंद करतात, आग लागू नये म्हणून, वर्षानुवर्षांची सवय. इनक्युबेटर आणि औषधांचा छोटा फ्रिज यांची लाइन मेनपासून वेगळी करून घेतली.

तोवर ती सायकल संशयित धरली. यावेळी नंबर होता. कपाटात त्या नंबरचे सहा पाऊच सापडले आणि दोन केसपेपरवर स्टेपल केलेले. चहा निवायच्या आत सगळा हिशेब लागला. दोन दिवसांनी चाचणी पुन्हा घेतली, व्यवस्थित आली, त्या दोघांना काही सांगायची गरज पडली नाही. पण सांगायची वेळ आली असती तर नावं हातात होती.

१ ऑगस्ट

खुर्चीचं पाणी. महापालिकेचं पाणी पिण्यालायक असतं, पण खुर्चीच्या आतल्या बारीक नळ्यांमध्ये ते रात्रभर उभं राहतं आणि नळीच्या आतून जंतूंचा चिकट थर जमतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची मर्यादा एका मिलिलिटरमध्ये जंतूंच्या ५०० वसाहतींची आहे, तीच आम्ही धरली.

पहिला नमुना वाया गेला. लॅबला पोचायला दुपार झाली, बाटली टॅक्सीत गरम झाली होती, त्यांनी घेतला नाही. बर्फाच्या डब्यातून न्यायचा. दुसऱ्याचा निकाल मर्यादेच्या कितीतरी वर. नळाला थेट जोडलेली लाइन तोडून खुर्चीला वेगळी पाण्याची बाटली बसवली, नळ्या साफ करायचं औषध रात्रभर ठेवलं, सकाळी दोन मिनिटं पाणी सोडायचं आणि प्रत्येक रुग्णानंतर वीस-तीस सेकंद.

१२ ऑगस्ट

एअरोटरची लाइन मर्यादेत आली. दात साफ करायच्या स्केलरची नाही. शोधत गेलो तर स्केलर हे वेगळं यंत्र, त्याची नळी खुर्चीच्या मागून थेट मोरीच्या नळाला. बाटली बदलली तरी ते जुनंच पाणी पीत होतं. नमुना प्रत्येक नळीच्या तोंडातून वेगळा घ्या, "खुर्चीचं पाणी" म्हणून एकच घेऊ नका. स्केलिंगला तर हिरडीतून रक्त येतंच.

१३ ऑगस्ट

तातडीच्या औषधांची तालीम. असिस्टंट खुर्चीत बेशुद्ध पडल्याचं सोंग करून पडली, मी इंजेक्शन दिल्यावर अंगावर गांधी आल्या आणि श्वास लागला असं धरलं. अ‍ॅड्रेनालिन होतं, मुदत मार्चमध्ये संपलेली. ऑक्सिजनचा सिलिंडर होता, चावी नव्हती. ती सरांच्या टेबलाच्या खणात निघाली.

आता लाल पेटी एकच: अ‍ॅड्रेनालिन (मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत), सॉर्बिट्रेट, अ‍ॅस्पिरिन, अस्थालिनचा पंप, ग्लुकोज, हायड्रोकॉर्टिसोन, अ‍ॅविल. झाकणावर मुदतींची यादी, जी आधी संपते ती वर. चावी सिलिंडरला साखळीने बांधली. १०८ ला फोन करायचं काम मावशींचं, पत्ता त्यांनी खुणेसकट सांगायचा. सगळ्यात स्वस्त काम हेच झालं, दोन हजारांच्या आत, आणि मला वाटतं ते मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

२० ऑगस्ट

१८ आणि १९ तारखेच्या पावसात कचऱ्याची गाडी आली नाही. पिवळ्या पिशवीला ४८ तासांची मर्यादा आहे. पुढे ठेवायची वेळ आली तर त्रास होणार नाही अशी व्यवस्था करून प्रदूषण मंडळाला कारणासह कळवायचं, असं नियमातच लिहिलंय. पिशवी दुहेरी बांधून झाकणाच्या डब्यात, कुलुपात ठेवली, मंडळाला ईमेल केला, त्याची प्रत रजिस्टरला लावली. गाडी आज दुपारी आली.

२१ ऑगस्ट

कचऱ्याची तपासणी झाली, न सांगता. अधिकारी आत आले आणि माझ्याकडे न बघता सरळ मावशींना विचारलं, "दात काढला की कुठे टाकता?" मावशी म्हणाल्या, "पिवळीत. चांदी भरलेला असला तर बरणीत, पिवळीत नाही." "का?" "त्यात पारा असतो साहेब, तो जाळायचा नाही." अधिकाऱ्यांनी बरणी उघडून पाहिली. मग त्यांनी रजिस्टर आणि पावत्यांची वजनं जुळवली, कालचा ईमेल वाचला, लसीची कार्डं पाहिली.

दोन उणिवा लिहून दिल्या. पांढऱ्या डब्यावर तो कधी सुरू केला ती तारीख नाही. आणि प्रशिक्षणाची नोंद नाही. मावशींना सगळं येतं हे त्यांनी पाहिलं, पण कधी शिकवलं आणि कोणी, ते कागदावर नव्हतं. कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा तरी प्रशिक्षण नियमात आहे. उणीव रास्त आहे. त्याच संध्याकाळी नोंदवही सुरू केली, मावशींची सही सगळ्यात वर.

२ सप्टेंबर

नवं एक्स-रे मशीन बसलं. गुणवत्ता चाचणीला तंत्रज्ञ मीटर घेऊन आला: व्होल्टेज, टायमर, गळती, सगळं मर्यादेत. ही चाचणी दर दोन वर्षांनी. बटणाची वायर दोन मीटरची, ती पूर्ण ताणून मी दाराच्या चौकटीशी उभी राहते. खुर्ची थोडी फिरवावी लागली, कारण आधी किरणांचं तोंड लाकडी पार्टिशनकडे होतं आणि पलीकडे शिंप्याचं दुकान आहे. आता ते बाहेरच्या जाड विटांच्या भिंतीकडे आहे. गरोदर असाल तर आधी सांगा, ही सूचना मराठी आणि हिंदीत दारावर. एप्रन टांगायला दांडी लावली. घडी घातली की आतल्या शिशाला भेगा पडतात.

५ सप्टेंबर

उद्या अनंत चतुर्दशी. चौपाटीकडे जाणारे रस्ते बंद असतील, कचऱ्याची गाडी थेट सोमवारी. आज गाडी येऊन गेल्यावर दात काढायचं किंवा रक्ताचं कोणतंही काम घेतलं नाही. पिवळी पिशवी रिकामी ठेवून दवाखाना बंद केला. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर दीड दिवसापासूनच्या सगळ्या विसर्जनांच्या तारखा आताच मांडून ठेवल्या.

१५ सप्टेंबर

एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांची गुणवत्ता तपासणारं राष्ट्रीय मंडळ, त्यांचं मानांकन ऐच्छिक आहे, दंत दवाखान्यांसाठी त्यांची वेगळी मानकं आहेत. ती वाचून आमची तुलना केली. अर्ज या वर्षी करत नाही. सर्वात कच्चे आम्ही संमतिपत्रात आहोत. आमचा फॉर्म इंग्रजीत होता, लोक न वाचता सही करत होते. मराठीत नवा केला, अक्षर मोठं, दाढ काढणं आणि रूट कॅनाल यांचे वेगळे, आणि "काय होऊ शकतं" हा भाग सहीच्या वर. पहिल्याच आठवड्यात एका काकूंनी वाचून विचारलं, "ओठ बधिर राहू शकतो म्हणजे किती दिवस?" अक्कलदाढेच्या वेळी हा प्रश्न मला आधी कोणी विचारला नव्हता.

एकूण खर्च साडेपाच लाखांच्या आसपास. त्यात सगळ्यात मोठे एक्स-रे, ऑटोक्लेव्ह आणि हँडपीस. चाचणीच्या कुप्या, पाऊच, लॅब आणि कचऱ्याचं शुल्क धरून महिन्याचा चालू खर्च चार-पाच हजारांनी वाढला. स्केलिंग आणि दात काढण्याचे दर थोडे वाढवले, दरपत्रक दारात लावलं.

राहिलेलं: मावशींचा तिसरा डोस डिसेंबरमध्ये, त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने अँटिबॉडी. जूनमध्ये फोन केलेल्या रुग्णांची दुसरी रक्ततपासणीही डिसेंबरमध्ये, नावांची यादी असिस्टंटकडे आणि माझ्याकडे दोन्हीकडे. स्केलरला बाटलीची लाइन बसवली आहे, तिचा निकाल यायचाय, तोवर स्केलिंगला फक्त दुसरी खुर्ची.